बिनकामाचं पायडल

परवा एक जुना ऑर्गन दुरुस्तीला आला. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि वडशातली आमची खोली आठवली. तिथे माझा थोरला भाऊ विजेवरचे ऑर्गन बनवायचा, मी तारा जोडायची.

पहिला ऑर्गन पारखायला गणबाभाऊ आले. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी जन्मभर पायाने भाता हलवत ऑर्गन वाजवला होता. इथे भाताच नव्हता. ते दोनदा चुकले.

“सूर बराबर हाय,” ते म्हणाले. “पण पायाले काम नाई, तं हात अडून राह्यले माहे.”

भावाने खाली लाकडी पायडल ठोकलं, कशालाही न जोडलेलं. पुढे प्रत्येक ऑर्गनला ठोकलं. मला ती लाकडाची नासाडी वाटायची.

परवाचा ऑर्गन भावानेच बनवलेला. त्याच्या पट्ट्या अजून धड होत्या. पायडल मात्र चवड्याखाली खोलगट झिजलं होतं.