सहाव्या नंबरचा चेहरा

१२ डिसेंबर २०२०, शनिवार. नागावचा किनारा, सकाळी साडेसात.

हजर: मी. बनाना बोटींचा मालक, ज्याला गावात सगळे तांडेल म्हणत. त्याचे तीन बोटचालक. मागच्या वाडीत पर्यटकांच्या राहण्या-जेवणाचं बघणाऱ्या एक काकू. किनाऱ्यावरचा जीवरक्षक, तिशीतला. आणि कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा, जो मी पनवेलहून मागच्या सीटवर पट्टा लावून आणला होता.

माझा वर्ग त्यांना नको होता. टाळेबंदीनंतर बोटी पुन्हा सुरू करायच्या तर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र दाखवा, अशी अट होती, म्हणून ते आले होते. तांडेलने पहिल्याच मिनिटाला तसं सांगितलं. "मॅडम, कागद पाहिजे म्हणून बसलोय. बुडालेला माणूस आम्ही तुमच्या आधी बघितलाय."

"मास्क नाकावर घ्या," मी म्हणाले.

जीवरक्षकाचं तसं नव्हतं. त्याने चार दिवस आधी स्वतः फोन केला होता. टाळेबंदीच्या आधी, मार्चमध्ये, त्याने एका पर्यटकाला पाण्यातून ओढून काढलं होतं. छाती दाबली, पण तोंडाने श्वास कसा द्यायचा ते त्याला येत नव्हतं. माणूस गेला. "दाबायचं मला येतं, मॅडम. तेवढं श्वासाचं शिकवा," एवढंच तो म्हणाला. त्या काळात बहुतेक प्रशिक्षक श्वासाचा भाग गाळत होते, फक्त छातीदाब शिकवत होते. पण बुडालेल्याला आधी श्वास लागतो. म्हणून माझ्या यादीत सातवा मुद्दा लिहिला: श्वास देणे, प्रत्यक्ष सराव.

त्यासाठी सहा सुटे रबरी चेहरे आणले. प्रत्येकाचा नंबर पिशवीवर. आपल्या पाळीला आपला चेहरा पुतळ्यावर चढवायचा, श्वास द्यायचे, काढून परत आपल्याच पिशवीत ठेवायचा. कुणाचं तोंड कुणाच्या चेहऱ्याला लागणार नाही. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, एका वेळी एक जण. दोन पाळ्यांमध्ये पुतळ्याची छाती स्पिरिटने पुसायची. वाळूवर चुन्याच्या फक्कीने सहा वर्तुळं आखली, सहा-सहा फुटांवर. कोरड्या वाळूत फक्की नीट दिसेना, म्हणून खाली ओल्या, घट्ट वाळूवर आखली.

"आम्हाला काय खुराड्यात कोंबणार?" काकू म्हणाल्या आणि वर्तुळाच्या रेषेवरच उभ्या राहिल्या. मी त्यांना आत घेतलं. एका चालकाला मास्क आणायला घरी पिटाळलं. तो परत येईपर्यंत थांबले. तांडेल घड्याळ बघत होता. मला वाटलं, कंटाळलाय.

नऊच्या सुमारास तांडेल आणि दोन चालक यांचं उरकलं होतं. तिसरा चालक पुढे येत होता. जीवरक्षकाचा नंबर सहावा, त्याचं वर्तुळ समुद्राच्या बाजूला. त्याने हात वर केला.

"प्रश्न शेवटी," मी म्हणाले.

"मॅडम, पाणी..."

"गप रे," तांडेल म्हणाला. "मॅडमची यादी हाय ना."

अमावास्या दोन दिवसांवर होती. उधाणाचं पाणी कुठवर येतं हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. माझ्या यादीत एकोणीस मुद्दे होते, भरतीची वेळ नव्हती. पुढच्या लाटेने दोन वर्तुळं पुसली, त्यापुढच्या लाटेने पुतळा कलंडला. काकू हसल्या. मोठ्याने, पोट धरून.

मी पुतळा उचलून सुरूच्या झाडांकडे धावले. मागे वळून बघितलं तर तांडेल मासळीची प्लास्टिकची पाटी पुढ्यात घेऊन बसला होता. सहाही पिशव्या त्याने फाडल्या होत्या आणि सगळे चेहरे पाटीतल्या समुद्राच्या पाण्यात एकत्र खळबळत होता, मासळी धुवावी तसे.

"हे काय केलंत?"

"लाटेनं पिशव्यांत वाळू गेलेली, म्हणून धुतले. मिठाच्या पाण्यात काय राहत न्हाय, मॅडम. आमचा जन्म मिठात गेला."

"यातले तीन वापरलेले आहेत. कुठले तीन?"

"सगळे सारखेच दिसतात की," तो म्हणाला.

तिथेच सातवा मुद्दा बंद केला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. स्पिरिट संपत आलं होतं आणि रबर नुसत्या स्पिरिटने नीट निर्जंतुक होत नाही; ते काम घरी तासाभराचं होतं.

जीवरक्षक पुढे आला. "मला कुठलाही द्या. काय झालं तर माझं मी बघीन."

"घरी कोण आहे तुझ्या?"

"आई."

"मग नाही."

"आणि उद्या कोण बुडालं तर?"

"नाही म्हटलं ना."

"तो माणूस माझ्या हातात होता, तेव्हा कुठं होती तुमची यादी?" तो म्हणाला. तो आपल्या टेहळणीच्या मनोऱ्याकडे निघून गेला, तेव्हा तांडेलच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदा उतरलं. बाकीचे मुद्दे सुरूखाली उरकले, तरी जाताना त्याने कागद मागितलाच. त्याचा वर्ग पुरा झाला होता, त्यामुळे मला सही करावी लागली.

काकू आणि तिसरा चालक पुढच्या आठवड्यात अलिबागला माझ्या वर्गाला येऊन गेले. त्या दिवशी जीवरक्षकाची किनाऱ्यावर पाळी होती. जानेवारीत मी दोनदा तारीख दिली. एकदा त्याने नाही म्हटलं, एकदा मी. मग दुसरी लाट आली आणि सगळेच वर्ग थांबले. नंतर कळलं, त्याने नागाव सोडलं. आता रेवसच्या जेटीवर लाँचवर आहे. म्हणजे अजून पाण्यावरच, आणि भरलेल्या लाँचवर.

चेहरे मी त्याच रात्री फेकले. नवे सहा मागवले. पाच वापरून झिजले. सहावा कपाटात आहे, पिशवी न उघडलेली, वर मार्करने ६. त्या दिवसाची यादीही त्याच फाइलमध्ये आहे. अठरा मुद्द्यांपुढे खूण आहे. रेवसला जायचं राहिलंय.