एकट्याला खोली मिळत नाही

हे लिहायला बसलो त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात पेन बाहेर निघायचं ते लग्नपत्रिकांवर नावं घालायला, आणि तेही शेजारच्या मास्तरांना बोलावून. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आपलं काही लोकांपुढे ठेवणं मला आगाऊपणा वाटतो. पण जपानमधल्या इझूच्या किनाऱ्यावरच्या त्या दोन दिवसांत मी माणसांबद्दल जे जे मनात आणलं, ते कधीतरी कबूल करायला हवं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कावासाकीत राहून पीएच.डी. करत होतो. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार होती आणि प्रबंध अर्धवट होता. मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला होता, पण सगळं होतं आमच्या सरांच्या शिफारशीवर. सर फक्त "बघू या" म्हणाले होते. जपानमध्ये "बघू या" म्हणजे बहुतेक वेळा नाही, एवढं तोवर कळलं होतं. इकडे गावी वडिलांनी मुलगा डॉक्टर झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. शेजारच्या काकूंनी तर पत्रातून गुडघ्यांवर औषधही विचारलं होतं. पदवीशिवाय परत जाणं म्हणजे चारचौघांत वडिलांना खोटं पाडणं.

जानेवारीच्या शेवटी लॅबमधला सीनियर म्हणाला, "आरशात बघ जरा. दोन-चार दिवस कुठेतरी फिरून ये."

मला लगेच संशय आला. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या समितीची बैठक होती. मी नसताना यांना काय उरकायचंय? तरी गेलो. सरांना मात्र सांगितलं नाही. एकीकडे मुदत मागायची आणि दुसरीकडे समुद्रावर हिंडायचं, हे सांगणार कोणत्या तोंडाने?

इझूचा किनारा उन्हाळ्यात मोठ्या लोकांचा. ताडाची झाडं, पांढऱ्याशुभ्र भिंती, भूमध्य समुद्राकाठच्या गावांची नावं लावलेली हॉटेलं. हिवाळ्यात तिथे पोहण्याचे तलाव ताडपत्रीखाली होते, आइस्क्रीमच्या टपऱ्यांना कुलपं होती, आणि पाठीवर सॅक टाकून चालणारा मी एकटाच होतो. दुपारी दोन ठिकाणी खोली विचारली. दोन्हीकडे बाईंनी कमरेत वाकून, अगदी हळहळून सांगितलं, की जागा नाही. दारातलं पाहुण्यांच्या बुटांचं कपाट तर रिकामं दिसत होतं, म्हणजे आत कुणीच उतरलेलं नव्हतं. माझा रंग बघून नाही म्हणतात, असं मी धरून चाललो.

तिसरीकडे, एका म्हाताऱ्या जोडप्याने घरातच चालवलेल्या मुक्कामाच्या जागेत, मालकीणबाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"एकटेच?"

"हो."

"घरी माहीत आहे?"

मी नोंदवही पुढे ओढली आणि सकाळच्या नाश्त्याला मासे नसतील ना, तेवढं विचारलं. वहीत नाव लिहिलं, तर त्यांनी विद्यापीठाचा फोन नंबर आणि सरांचं नावही लिहायला लावलं. मग वरची समुद्राकडची खोली सोडून मला खाली, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली दिली. जेवताना समोर बसून राहिल्या. सफरचंद कापायला सुरी मागितली, तर म्हणाल्या, "राहू दे, गाकुसेइ-सान." गाकुसेइ म्हणजे विद्यार्थी. सफरचंद त्यांनीच कापून आणलं. मला वाटलं, सुरीसुद्धा माझ्या हातात द्यायची नाही यांना. चोर समजतात. झोपताना पासपोर्ट उशाखाली ठेवला.

सकाळी बाहेर पडताना त्या फोनवर बोलत होत्या. दारापलीकडून "भारत", "एकटा" आणि सरांचं नाव स्पष्ट ऐकू आलं. संपलं, आता शिफारस कसली? समुद्रावरच्या कड्याकडे चालू लागलो, तर मालक कुत्रा घेऊन मागे. मी थांबलो की ते थांबत आणि उगाच समुद्राकडे बघत.

कड्याच्या टोकाशी कोळ्यांचा एक दगडी देव होता, गुडघ्याएवढा. आता त्याच्याशिवाय कुणाला सांगणार? पायात जोडे असताना देवापुढे माझे हात जुळत नाहीत. बूट काढले, नीट जोडून ठेवले, शेजारी सॅक ठेवली आणि मोज्यांनिशी पुढे जाऊन डोळे मिटले. एक वर्ष मिळू दे, एवढंच मागत होतो.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघेही गवतात आडवे झालो. कुत्रा भुंकत होता. मालक धापा टाकत ओरडत होते, "बूट घाल! आधी बूट घाल!"

"मी नमस्कार करत होतो—"

"बूट काढून?"

"आमच्याकडे काढतात."

त्यांनी बूट उचलून माझ्या हातात दिले. मग म्हणाले, "इथे असे बूट जोडून ठेवणारी माणसं परत ते घालायला येत नाहीत."

घरी आल्यावर मालकीणबाई चिडूनच बोलल्या. "हिवाळ्यात एकटा माणूस कशाला येतो इथे? कालच त्या दोघींचे मला फोन आले होते. त्यांनी तुला जागा का दिली नाही, कळलं ना आता?"

"मग तुम्ही का दिलीत?"

"तू आल्याआल्या विचारलंस, सकाळच्या नाश्त्याला मासे नसतील ना? मरणाऱ्याला कसली आलीय नाश्त्याची काळजी! पण खात्री कशी धरायची? वरून उडी मारली असतीस तर? म्हणून खाली ठेवलं."

मला कुठे बघावं कळेना. सुरी, खोली, कुत्रा, सगळ्याचा मी उलटा अर्थ लावला होता, आणि मनातल्या मनात या दोघांना काय काय बोललो होतो. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

सर होते. लॅबमध्ये ते आवाज कधी चढवत नसत. आता मात्र जवळजवळ ओरडून विचारत होते, "बरा आहेस ना? खरं सांग."

"बरा आहे, सर. न सांगता आलो, चुकलं माझं."

"ते राहू दे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बैठक काल झाली. पत्र हातात पडेपर्यंत सांगायचं नसतं, पण ऐक. तू वर्ष मागितलं होतंस, तेवढं मिळालं नाही. सहा महिने मिळालेत. सप्टेंबरच्या आत प्रबंध माझ्या टेबलावर हवा."