माहेरची काबरी

जव्हारचं संस्थान गेलं त्या उन्हाळ्यात पुतळीचं लग्न झालं. संस्थान म्हणजे काय आणि ते गेलं म्हणजे नेमकं कुठं गेलं, हे तिच्या गावात, वांगणीत, कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. राजे वाड्यातच होते, जंगलाचा रखवालदार जुनाच होता आणि त्याच्या शिव्याही जुन्याच होत्या. तरी सगळं आता मुंबई सरकारचं झालं म्हणत. पुतळीच्या लेखी त्या उन्हाळ्यात गेली ती एकटी तीच. वांगणीहून दिवसभराची चाल, आणि मग शिरपामाळाखालच्या पाड्यावर नवऱ्याचं, जिवाचं, कुडाचं घर.

निघताना तिच्या आईनं, नवशीनं, डालग्याखालून एक तलंग काढली. नुकती अंड्यावर आलेली, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव काबरी, नजर मोठी चौकस. नेसूच्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडून नवशीनं तिच्या पायाला चिंधी बांधली. पाड्यावर सगळ्यांच्या कोंबड्या एकत्रच फिरतात. कुणाची कुठली ते पायातल्या चिंधीवरून ओळखायचं, ही तिकडची रीत.

"ही सुटू देऊ नको, बाय," नवशी म्हणाली. "चिंधी सुटली का कोंबडी कुणाची पण होते."

पुतळी वाटभर रडली आणि काबरी वाटभर तिच्या काखेत कलकलली. दोघी सासरी पोचल्या तेव्हा कोण जास्त दमलं होतं ते सांगणं कठीण.

जिवाला आईबाप नव्हते. सासू म्हणावी अशी घरात कुणी नव्हती, पण शेजारच्या खोपटात त्याची आत्या राहायची, फागी. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. पाड्यावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. हात जितका हलका, तोंड तितकंच फटकळ. पुतळीची पहिली भाकरी पाहून म्हणाली, "ही खायची का घरावर घालायची?" पुतळी दोन दिवस फुगून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच चुलीपाशी भाकरी थापायला शिकली. पुढं तिचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा फागी तिला पाठीशी धरून रात्रभर बसली होती. वांगणी लांब होती. पुतळीला माहेर आठवलं की ती चार पावलं चालून फागीच्या ओट्यावर जाऊन बसायची.

एकदा मुंगसानं कुणाच्या कोंबडीची मान फाडली. मालकीण तिचं कालवण करायला निघाली होती. फागीनं ती हिसकावून घेतली, आपल्या डोक्यातला एक लांब केस उपटला, सुईत ओवला आणि फाटक्या गोधडीला टाके घालावेत तशी मान शिवून टाकली. पुतळी तोंडाला पदर लावून हसत होती. ती कोंबडी जगली आणि त्यानंतर पिलांनिशी अंगण उकरत फिरली.

काबरीचंही वय वाढत चाललं. घारी आल्या, मानमोडीची साथ आली, खुराडी रिकामी झाली, पण काबरी राहिली. दुपारी फागी ओट्यावर बसून नागलीच्या भाकरीचा चुरा टाकायची आणि काबरी थेट तिच्या मांडीवर चढायची. "म्हातारी झाली तुझी काबरी, माझ्यासारखी," फागी म्हणायची. "दोघींचं आता काय खरं नाय." आणि हसायची. तेव्हा पुतळीही हसायची.

मग एका पावसाळ्यात नवशी गेली. निरोप आला तेव्हा वाटेतली नदी फुगलेली होती. पुतळी काठावर बसून राहिली, माघारी आली, पुन्हा गेली. पोचली तेव्हा रडायला आलेले पाहुणेही परतले होते. भावानं आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा दिला, तो उशाला घेऊन ती महिनाभर झोपली. काबरीच्या पायातली जुनी चिंधी तोवर झिजून दोऱ्याएवढी झाली होती. पुतळीनं त्या तुकड्यातून नवी चिंधी फाडली. रीत बोटभर चिंधीची आणि एका गाठीची. तिनं वीतभर फाडली, गाठ सैलच मारली आणि दोन्ही टोकं लोंबत ठेवली. आईचं कापड कापून टाकवेना, दुसरं काही नाही.

फागीनं पाहिलं. "एवढी लांब कशाला? अडकंल कुठंतरी."

"अडकू दे," पुतळी म्हणाली.

नागली खळ्यावर आली त्या दिवसांत काबरीनं दाणा टिपायचं सोडलं. इतर कोंबड्या खळ्यात तुटून पडायच्या आणि ही कुडाशी डोळे मिटून उभी. गळ्याखालची पिशवी फुगून लिंबासारखी टणक झालेली. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी, पण सकाळी पाहावं तर तेवढीच. चोच उघडली की आंबूस वास यायचा. पुतळीनं तिला डालग्याखाली वेगळं ठेवलं. मोहाचं तेल कोमट करून थेंब थेंब चोचीत सोडलं, पिशवी बोटांनी हळूहळू चोळली, नागलीची पातळ पेज पाजली. पेज चोचीतून परत यायची. जिवा म्हणाला, "कोंबडीच हाय ती." पुतळी त्याच्याशी त्या दिवशी बोलली नाही.

फागी आली, मांडीवर घेऊन पिशवी दाबून पाहिली.

"आत काहीतरी गुंतलंय. तेलानं जाणार नाय. दे इकडं, पिशवी उघडू, काढू, केसानं शिवून टाकू."

"म्हातारी हाय ती, फागीआते. मरंल."

"नाय उघडली तरी मरंल."

खरं तेच बोलली, पण तिच्या पद्धतीनं बोलली. पुतळीनं काबरी तिच्या मांडीवरून ओढूनच घेतली. आणि ओढताना तिचं लक्ष पायाकडं गेलं. पायात चिंधी नव्हती.

तिनं अंगण झाडून पाहिलं, खळं पाहिलं, खुराड्यातली घाण हातानं उपसली. चिंधी नाही. माणूस दुःखात असला की त्याला हरवलेल्या वस्तूपेक्षा ती नेणारा आधी सापडतो. पुतळी कोंबडी काखेत घेऊन सोम्या भगताकडं गेली. त्याच्या अंगणात पाड्यावरच्या आणखी दोन बाया बसल्या होत्या.

सोम्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटानं हलवले, बराच वेळ पाहिले. "उंबऱ्याजवळचं काहीतरी हाय," तो म्हणाला. "घरातलं काय हरवलं का?"

"चिंधी. हिच्या पायातली. माझ्या आयेच्या लुगड्याची."

त्या दोघी बायांनी एकमेकींकडं पाहिलं. करणी करणारी बाई आधी अंगावरचं काहीतरी नेते, हे तिथं लहान पोरालाही ठाऊक होतं.

"हिला जवळ कोण घेतं?" सोम्यानं विचारलं.

सोम्याला बोल लावता येणार नाही. त्यानं नाव घेतलं नाही. नाव पुतळीच्या तोंडून गेलं. "फागीआते," ती म्हणाली, आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला ते मांडीवर घेणं आठवलं, दोघींचं काय खरं नाय म्हणणं आठवलं, पिशवी उघडू म्हणणं आठवलं, आणि एकेक करून ते सगळं तिनं त्या अंगणात ओतलं. हसत ऐकलेलं सगळं आता उलटं ऐकू येत होतं.

ती घरी पोचायच्या आत शब्द पाड्यावर पोचला होता.

फागीला कुणी हात लावला नाही. एवढंच काय ते बरं म्हणायचं. पण ती विहिरीवर आली की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. एका घरी बाई अडली तर सुईण दुसऱ्या पाड्यावरून आणली. कुणीतरी तिच्या खोपटाच्या वाटेवर काटेरी फांदी टाकली. जिवा तिचा सख्खा भाचा. तो मान खाली घालून जेवायचा आणि जंगलातल्या कुपावर लाकडं तोडायला निघून जायचा. फागीचं फटकळ तोंड त्या दिवसांत कुणी ऐकलं नाही. पुतळीला तेही पुराव्यासारखंच वाटलं.

मग एका सकाळी फागी गाठोडं घेऊन पुतळीच्या अंगणाशी उभी राहिली. मोखाड्याकडं तिच्या दिराची लेक राहायची, तिकडं निघाली होती. अंगणात पाय न टाकता, कडेलाच उभी राहून म्हणाली, "माझ्या हातनं नको तर नको. तू उघडून बघ. केस लांब हायत तुझे." आणि गेली.

पुतळी डालग्यावर हात ठेवून बसून राहिली. उठली नाही.

काबरी त्यानंतर फार जगली नाही. जिवा म्हणाला, करणीची कोंबडी, खायची नाही, लांब ओढ्यापलीकडं टाकून येतो. "मीच जाते," पुतळी म्हणाली. ओढ्याकाठी बसून तिनं काबरी मांडीवर घेतली. आता ती हलकी झाली होती, नुसती पिसं. फागीचे शब्द डोक्यातून जात नव्हते. पुतळीनं कनवटीची सुरी काढून पिशवी उघडली.

आत गवताचा आणि कोंड्याचा घट्ट गोळा होता. त्या गोळ्याभोवती, पिळाच्या दोरीसारखी गुंडाळलेली, लाल काठाची वीतभर चिंधी. एक टोक अजून तसंच लोंबत.

आईचं कापड म्हणून जे जपलं त्यानंच कोंबडी नेली, आणि तिच्याबरोबर एक माणूसही नेलं. आणि चिंधी बांधली त्या दिवशीच फागीनं हे सांगितलं होतं. अडकंल कुठंतरी.

पुतळी धावतच सोम्याकडं गेली, मग विहिरीवर गेली, ओली चिंधी हातात धरून ज्याला त्याला दाखवत सुटली. "मीच बांधली होती. तिनंच गिळली. फागीआतेनं काय नाय केलं." बायांनी ऐकून घेतलं. त्यातली एक, भगताच्या अंगणात होती ती, शांतपणे म्हणाली, "मग पायातली चिंधी पोटात गेली कशी? कोंबडी कधी कापड खाते? तीच तर करणी."

शब्द बाहेर काढायला एक क्षण पुरला होता. आत घ्यायला अख्खा पाडा तयार नव्हता.

तिनं चिंधी धुतली, वाळवली, भाकरी बांधली आणि मोखाड्याची वाट धरली. फागी त्या घराच्या मागल्या पडवीत उडीद पाखडत बसली होती. पुतळीला पाहून सूप खाली ठेवलं. पहिला प्रश्न एकच.

"जगली?"

पुतळीनं नाही म्हणून मान हलवली आणि चिंधी पुढं केली. फागीनं ती हातात घेतली, काठ पाहिला, उलटीपालटी केली. सगळं तिला कळलं.

"मेल्यावर उघडलीस," ती म्हणाली.

"माझं चुकलं, फागीआते. घरी चल. मी सगळ्यांना सांगितलं."

"आणि त्यांनी ऐकलं?"

फागीनं आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. पुतळी ते घटाघटा प्याली, एक थेंब न ठेवता, कुणीतरी पाहावं असं. फागी बघत होती.

"तू पिशील," ती म्हणाली. "जिवा पिईल? तुझ्या लेकीचं बाळंतपण येईल उद्या, तेव्हा जिवा मला बोलवंल?"

पुतळीनं हो म्हणायला तोंड उघडलं. होकार बाहेर आला नाही. तिची जीभ एकदा नको तेव्हा चालली आणि एकदा हवी तेव्हा अडली. पुढच्या आयुष्यात तिला दुसऱ्या वेळेचंच जास्त लागून राहिलं.

फागीनं मग कुडात खोचलेली सुई काढली. आपल्या पांढऱ्या केसांतला एक ओढला, ओवला, चिंधी दुमडून मांडीवर धरली आणि टाका घालून दाखवला. आधी आतली पिशवी वेगळी शिवायची, मग वरचं कातडं वेगळं. दोन्ही एकत्र शिवलं तर कोंबडी जगत नाही. पुतळीच्या हातून चार टाके घालून घेतले, दोन उसवायला लावले. "हात जड हाय तुझा," म्हणाली. तेवढं एकच जुन्यासारखं बोलली.

"मी येत जाईन," निघताना पुतळी म्हणाली. फागीनं सूप पुन्हा हातात घेतलं.

पुतळी ते शिकली मात्र खरं. पुढल्या वर्षांत पाड्यावर कुणाच्याही कोंबडीची पिशवी फुगली की तिच्याकडं यायची. ती वेळ घालवायची नाही. आपला केस ओढायची, आधी पिशवी, मग कातडं. कोंबड्या जगायच्या. बाया कौतुक करायच्या, कुणाकडून शिकलीस विचारायच्या, आणि ती फागीचं नाव घ्यायची तेव्हा त्या कोंबडी उचलून लगबगीनं निघायच्या. तिच्या स्वतःच्या कोंबड्यांच्या पायात मात्र चिंधी कधी दिसली नाही. दोन-तीन दुसऱ्यांच्या खुराड्यात गेल्या, तिनं मागितल्या नाहीत.

पण मोखाड्याला ती गेली नाही. आज नागलीची लावणी, उद्या पोरीला ताप, परवा जिवाचं तोंड वाकडं. आणि एक गोष्ट ती कुणाला सांगत नसे: फागीकडं जाते हे कळलं तर आपल्यापाशीही हंडे बाजूला होतील, याची तिला भीती वाटायची. आपणच पेटवलेल्या चुलीचा चटका तिला नको होता.

मग एका वर्षी शिमग्यानंतर जव्हारच्या बाजारात मोखाड्याकडची एक ओळखीची बाई भेटली. बोलता बोलता म्हणाली, ती तुमची सुईण, फागी, ती गेली. होळीच्या आधीच गेली. कुणी नव्हतं जवळ.

आई गेली तेव्हा नदी फुगली होती, हे पुतळी कुणालाही सांगू शकत होती. फागी गेली तेव्हा मोखाड्याच्या वाटेवरच्या त्याच नदीला घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं.