सव्वा मीटरची वही

मापाची वही सोडली तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. पण माझ्या लेकीबद्दल लिहावंसं वाटलं. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मी नायगावचा जिलानी टेलर. लेक बुशरा जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावीला गणित शिकवते. चाचणीत तिने विचारलं होतं, सव्वासहा मीटर कापडात सव्वा मीटरचे तुकडे किती? सगळा वर्ग चुकला. मुख्याध्यापक संगमेश्वर सर म्हणाले, "उद्या मी वर्गात बसतो. नाही जमलं तर गणित दुसऱ्याकडं देऊ."

संध्याकाळी ती पेपर घेऊन बसली होती. पोरांनी सव्वा म्हणून १.४ लिहिलं होतं. पाव म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पॉइंट चार.

मी म्हटलं, "बरोबरच हाय की. मी बी असंच लिहितो."

तिनं माझी वही उघडली. पानोपानी १.४. ती हसायला लागली. "अब्बा, उद्या शाळेत चला. कापड, टेप आणि ही वही घेऊन."

मला लाज वाटली, पण गेलो.

वर्गात तिनं वही उंच धरली. "ही माझ्या अब्बांची वही. चूक शोधा."

तनुजा नावाच्या पोरीनं टेप लावला. "एक मीटर, वर पाव मीटर. म्हंजे पंचवीस सेंटिमीटर. मॅडम, हे तर १.२५ हाय!" मग माझ्याकडं वळली. "आजोबा, मग तुमचे कुडते लांब कसे न्हाई झाले?"

"बाळा, वही चुकायची. टेप न्हाई."

वर्ग खदखदून हसला. खडूच्या खुणा करत पोरांनी कापड मोजलं. बरोबर पाच तुकडे. बुशरानं फळ्यावर ६.२५ भागिले १.२५ लिहिलं आणि दोन्हीकडचा पॉइंट दोन-दोन घरं सरकवला. सहाशे पंचवीस भागिले एकशे पंचवीस. "पाच!" पोरं ओरडली. "फळ्यावर बी पाचच!"

मागून सर म्हणाले, "आणि साडेसात मीटरला?"

बुशरानं खडू ठेवला आणि पोरांकडं पाहिलं. तनुजानं पाटीवर ७५० भागिले १२५ मांडलं. "सहा, सर."

सर उठले. "मॅडम, गणित तुमच्याकडंच राहू द्या."

नायगावात मी जिलानी टेलर. त्या दिवशी पोरं फाटकापर्यंत "मॅडमचे अब्बा, मॅडमचे अब्बा" करत मागं आली. दुकानात येऊन मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून १.४ खोडत बसलो.