शांताबाईंचा सोलो

हसायचं तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. कारण कॉफीपायीच मी एकदा तोंडघशी पडलोय, तेही रेकॉर्डिंग चालू असताना!

बँकेनं मला चेन्नईला धाडलं, त्याला तीन वर्षं झाली होती. अड्यारला आमच्या वरच्या मजल्यावर राव राहायचे, तंजावरकडचे मराठी. अख्खं घर जॅझ वाजवणारं. राव पियानोवर, मुलगा सॅक्सोफोनवर, मुलगी बेस गिटारवर. आणि ड्रम्सवर कोण? शांताबाई! लग्नाआधी वाजवायच्या. मग मुलंबाळं झाली आणि ड्रम्स वीस वर्षं माळ्यावर गेले. आता चौघांची सीडी निघणार होती आणि तिच्यात त्यांचा आयुष्यातला पहिला सोलो होता.

रेकॉर्डिंग घरीच, हॉलमध्ये. टाळ्या खऱ्या हव्यात म्हणून बिल्डिंगमधल्या पंधरा जणांना आमंत्रण. "सार, तुम्ही पुढं बसा," राव म्हणाले. "तुम्ही गाण्याच्या सभेला जाता, तुम्हाला कळतं." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर.

आता माझं ज्ञान ऐका. इथल्या कचेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत, मृदंगाचा सोलो सुरू झाला, की निम्मे लोक उठून कँटीन गाठतात. तीन वर्षांत मी संगीतातलं एवढंच शिकलो होतो.

दोन गाणी छान झाली. तिसऱ्यात बाकीचे थांबले, शांताबाई एकट्या वाजवू लागल्या. आतून फिल्टर कॉफीचा वास आला. मी उठलो. नुसता उठलो असतो तरी चाललं असतं हो! शेजाऱ्यांना खुणावलं, "चला, हीच वेळ." जाणकार उठला म्हटल्यावर सगळे चवड्यांवर माझ्यामागे.

आम्ही स्वयंपाकघरात फुंकर मारत उभे, तोवर ड्रम्स थांबले. टाळ्या कोण वाजवणार?

शांताबाई पदरानं घाम पुसत आत आल्या. आमच्याकडे पाहिलं. "कॉफी बरी झाली का हो?" एवढंच विचारलं. मी कप ओट्यावर ठेवला. फार लाज वाटली.

"पुन्हा वाजवा ना," मी म्हणालो. "या वेळी हलणार नाही."

"नको. तसं परत येत नाही," त्या म्हणाल्या.

सीडी तशीच निघाली. तो सोलो मी नंतर कितीदा ऐकला असेन. बाईंनी वीस वर्षांचं सगळं त्यात ओतलंय. तो संपतो, शांतता पसरते आणि लांबून एक पुरुषी आवाज येतो, "साखर जरा कमी आहे."

मी हल्ली घरी त्या जागी न चुकता टाळ्या वाजवतो. सीडीतला मी मात्र दर वेळी साखरच मागतो.