सरांचं वेलकम

‘हे पुस्तकात मिळणार नाही, हे मी सांगतोय,’ असं म्हणून सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि मार्करने मॉनिटरवर ठकठक करायचे. ते पुस्तकात हमखास मिळायचं, तेही पहिल्याच धड्यात. पण सरांनी पुस्तक उघडून बरीच वर्षं झाली होती.

असे एक सर तुमच्याही कॉलेजात असतील. आमचे रत्नागिरीत कॉम्प्युटरची सी भाषा शिकवायचे आणि मी त्यांच्या लॅबमधला असिस्टंट, शेजारच्या टेबलावर बसून ऐकायचो. त्यांचा एक कायदा होता. प्रोग्राम कसलाही असो, त्याची पहिली ओळ सरांची: विभागाचं नाव, ‘वेलकम’ आणि पुढे सरांचं नाव, सगळं इंग्रजीत. साधी बेरीज करायची तरी कॉम्प्युटर आधी सरांचं नाव घ्यायचा. एखाद्याने ती ओळ गाळली की सर विचारायचे, ‘घरात शिरताना चपला काढतोस ना? मग?’ या ‘मग’पुढे कुणाचं काही चालत नसे.

शेवटच्या वर्षाला नाटे गावची रुबीना होती. वडिलांची मासेमारीची होडी. तिने भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा प्रोजेक्ट घेतला आणि तो मराठीत करायचं ठरवलं. अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही, एवढं साधं कारण.

‘मराठी सीला झेपत नाही गो,’ सर म्हणाले.

‘झेपते, सर. आपल्या अक्षराला जागा जास्त लागते. त्यासाठी वाइड कॅरेक्टर असतात. ती छापायला नेहमीची प्रिंटएफ कमांड नाही, डब्ल्यूप्रिंटएफ वापरायची.’

‘वाइड? अक्षर म्हणजे काय हायवे आहे रुंद करायला?’

वर्ग हसला. वर्ग हसला की सरांना उत्तर द्यावं लागत नसे.

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. रुबीनाचा प्रोग्राम घरी नीट चालला होता. कायद्याप्रमाणे सरांची ओळ तिने त्या सकाळी वर चढवली. प्रोग्राम चालवला तर सरांचं वेलकम ठसठशीत उमटलं आणि त्याखाली एक अक्षर नाही.

‘बघा,’ सर बाईंना म्हणाले, ‘मी हिला आधीच बजावलं होतं.’

स्वतःची विद्यार्थिनी डोळ्यांदेखत नापास होत होती आणि त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना.

रुबीनाने सरांची ओळ पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. नाटे बंदर, भरती, ओहोटी, सगळं मराठीत झरझर खाली उतरलं. बाई खुर्ची पुढे ओढून वाचू लागल्या.

‘माझं वेलकम कुठाय?’ सर म्हणाले.

‘ते आधी आलं की मराठी उमटत नाही, सर.’

‘मग शेवटी टाक!’

तिने शेवटी टाकलं. मराठी आली, वेलकम आलं नाही. चूक झाल्याचा साधा संदेशही नाही.

‘आउटपुट पहिल्यांदा ज्या पद्धतीने सुरू होतं, सर, तीच पुढे चालते,’ रुबीना म्हणाली. ‘साधं आणि रुंद एकत्र चालत नाही. तुमची ओळपण रुंद करावी लागेल.’

‘म्हणजे आता मी रुंद व्हायचं?’

बाईंनी सरांच्या पोटाकडे पाहिलं आणि रुमाल तोंडाला लावला.

बाई गुण देऊन गेल्या तसं सरांनी लॅबचं दार लोटून घेतलं. विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसत ते म्हणाले, ‘रुबीना, काय म्हणालीस ते परत सांग बघू.’ इतक्या वर्षांत त्यांनी उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. ती सांगत होती आणि ते शहाण्या मुलासारखे मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात चष्मा कपाळावर गेला. ‘काल माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हे पुस्तकात मिळणार नाही...’ मागच्या बाकावर रुबीना खाली मान घालून हसत होती.

तिला पुण्याला नोकरी लागली तेव्हा सर पावस गावातल्या आपल्या बागेतली हापूसची पेटी घेऊन एसटी स्टँडवर आले. ‘ही माझ्या हाताखाली तयार झालेय हां,’ असं त्यांनी कंडक्टरला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, रुबीनाच्या अब्बांनाही सांगितलं. अब्बांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. पुढे महिन्याभरात निवृत्त होऊन ते ठाण्याला मुलाकडे गेले. मला मात्र ते आठवतात ते त्या दिवशी एसटी स्टँडवरचे. पुण्याची गाडी केव्हाच वळणाआड गेली होती आणि सर देवरूखच्या गाडीकडे बघून हात हलवत होते. त्या गाडीतल्या खिडकीतून एक अनोळखी आजीही त्यांना हात हलवत होती.