मोहाची ढोली

आसगावात कुणाच्या झाडावर मोहोळ लागलं की इश्वरला बोलावणं यायचं. चाळीस वर्षांत त्याने उंच झाडांवरची आग्या मोहोळं उतरवली होती, धूर आणि विळा एवढ्याच भांडवलावर. यंदा मात्र माशा त्याच्याच अंगणातल्या मोहाच्या झाडाच्या ढोलीत शिरल्या आणि हा गावचा जाणकार पार गोंधळला. ढोलीचं तोंड मुठीएवढं, आत हात जाईना, आणि बापाच्या हातच्या मोहाला कुऱ्हाड लावायला मन धजेना.

त्यातच नात गुड्डीला माशी चावली. चेहरा सुजला, श्वास लागला. दवाखान्यातून पोरगी वाचून आली, पण सून हर्षा तिला घेऊन थेट माहेरी, अड्याळला गेली. माशा गेल्याशिवाय गुड्डी त्या अंगणात पाय ठेवणार नाही, असं तिने बजावलं. तिचं तरी काय चुकलं? इश्वरलाही ते पटत होतं, पण घर खायला उठत होतं.

सतराव्या दिवशी मुलगा निकेश त्यांना आणायला निघाला. संध्याकाळी येतो, तेवढ्यात माशांचं निपटवा, असं सांगून गेला. इश्वरने घाईघाईत भर दुपारी चिखल आणि शेण कालवून ढोली लिंपून टाकली. मोहोळाचं काम दिवस बुडाल्यावरच करायचं, हा स्वतःचाच नेम तो विसरला. दुपारी अर्ध्या माशा रानात असतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

दिवस कलला तशा त्या परतू लागल्या. लिंपणावर एकीवर एक जमल्या. अंगावर येईनात, उडून जाईनात, नुसत्या दार शोधत राहिल्या. इश्वर समोर उकिडवा बसला. चवताळलेल्या माशांचं काय करायचं ते त्याला येत होतं. घरी परतलेल्यांचं काय करायचं ते काही केल्या उमजेना.

तेवढ्यात निकेशचा फोन आला.

"बाबा, झालं का? आमी निघून राहिलो."

"बंद केली ढोली. पण अर्ध्या बाहेरच राहिल्या गा. आता घरी येऊन राहिल्या. मले काहीच समजून नाही राहिलं."

मग गुड्डीने फोन ओढून घेतला.

"आबाजी, मी घरी कधी येऊ?"

"आज नोको येऊ बेटा. उद्या मीच येतो तुह्याकडे."

फोन ठेवून त्याने नखांनी लिंपण उकरलं. माशा आत शिरल्या. आपण बरोबर केलं की चूक, ते त्याला कळेना. हात सुजेपर्यंत डंख लागल्याचंही कळलं नाही. माशांचं दार उघडताना नातीचं दार आपल्याच हाताने लिंपलं, एवढंच कळलं, आणि तो रडला.